एक अपडेट उपलब्ध आहे

वेबसाइटचं उद्घाटन होतं, अपडेटचं होत नाही. उद्घाटनाला पाहुणे येतात, शाल-श्रीफळ येतं, लॅपटॉपला झेंडूचा हार घालतात आणि मान्यवरांच्या हस्ते माउसचं बटण दाबलं जातं. मान्यवरांनी नेमकं तेच बटण दाबावं म्हणून शेजारी एक जण वाकून उभा असतो. फोटोत त्याचा फक्त कोपर येतो. पुढे वर्षानुवर्षं ती वेबसाइट त्या कोपराच्या भरवशावर चालते.

अर्जुनी मोरगावच्या आमच्या महाविद्यालयात तो कोपर माझा. मी शिकवतो मराठी. पण ज्या काळात कार्यालय कृतिदेवात टाइप करत होतं आणि ते इंटरनेटवर टाकलं की अगम्य लिपी उमटत होती, त्या काळात मला युनिकोड येत होतं. एवढ्या पात्रतेवर मी संगणकतज्ज्ञ ठरलो. त्यात महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायची होती. नॅक येणार म्हटलं की महाविद्यालयाला रंग लागतो, व्हरांड्यात कुंड्या येतात आणि वेबसाइट होते. नॅक जाते, कुंड्या वाळतात. वेबसाइट मात्र वाळत नाही. ती काहीतरी मागायला लागते.

आत शिरलं की डाव्या पट्टीत ‘अद्यतने’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी लाल गोळ्यात एक आकडा. तो मिटवला की आठवड्याभरात पुन्हा उगवतो. आमच्या कार्यालयातल्या बाबूंनी या गोळ्याविषयीचं सार्वत्रिक मत एका वाक्यात सांगून ठेवलं आहे: ‘‘चालून रायली ना जी साइट? मंग कायले हात लावता?’’ या युक्तिवादावर निम्मा देश चालतो. आणि पंचाईत अशी की, तो निम्मा बरोबर आहे. अपडेट केल्यावर बिघडलेल्या वेबसाइटा मी पाहिल्या आहेत. अपडेट न केल्यामुळे बिघडलेल्याही पाहिल्या आहेत. फरक एवढाच, की पहिल्या माझ्या नावावर जमा होतात आणि दुसऱ्या नशिबाच्या.

आमची साइट वर्डप्रेसवर आहे. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्याच्यावरच आहेत, त्यामुळे यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही. पण त्याच्या जन्माची कथा मला आवडते, कारण तिची सुरुवात एक माणूस निघून जाण्यापासून होते. मिशेल वाल्द्रिगी नावाच्या एका फ्रेंच तरुणाने ‘बी-टू’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर लिहून लोकांना मोफत दिलं होतं. पुढे तो दिसेनासा झाला. सुधारणा थांबल्या, वापरणारे तसेच राहिले. जानेवारी २००३ मध्ये मॅट मुलनवेग या एकोणीस वर्षांच्या अमेरिकन मुलाने जाहीरपणे लिहिलं, की जीपीएल परवान्यामुळे हे कोणालाही पुढे नेता येईल, तर मीच नेईन म्हणतो. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टहून माइक लिटल नावाच्या गृहस्थांनी कळवलं, की खरंच करणार असशील तर मी हातभार लावतो. २७ मे २००३ ला पहिली आवृत्ती निघाली. त्याच महिन्याच्या १ तारखेला मराठी विकिपीडियाही सुरू झाला होता. तोही आज अशाच एका खुल्या प्रणालीवर, मीडियाविकीवर चालतो. आमच्याकडे त्या वर्षी एसटीडी बूथवाल्यांचे दिवस बरे होते. मे महिन्यात जगात असं काही घडलं याची कोणाला कल्पना नव्हती. उन्हाचीच चर्चा पुरेशी असते.

मालक निघून गेला आणि मागे राहिलेल्यांनी वस्तू सांभाळली, हे ऐकून पूर्व विदर्भातल्या माणसाला मामा तलाव आठवला नाही तर नवल. माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत ते हजारोंनी आहेत. कोहळी समाजातल्या जाणकारांनी उतार ओळखून मातीच्या पाळी घातल्या, पाणी सोडायला तुडूम बसवले, जादा पाणी वाहून जायला सलंग ठेवली आणि खालच्या बांध्यांमध्ये धान पिकवलं. आमच्याच तालुक्यातला नवेगावबांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. पाळ घालायची तिथेच घातली, बाकीचं काम भोवतीच्या डोंगरांकडून करून घेतलं. या कोलू पाटलांचा पुढे देव झाला. कोलासुर देव म्हणून त्यांची पूजा होते.

बांधणाऱ्याचा देव झाला हे योग्यच. पण तीनशे वर्षं दर उन्हाळ्यात गाळ कोणी काढला? पावसाळ्यापूर्वी पाळीवर माती कोणी टाकली, उंदरांनी पोखरलेली बिळं कोणी बुजवली, तुडुमाच्या तोंडात अडकलेला कचरा पाण्यात उतरून कोणी ओढला? त्यांची ठाणी कुठे नाहीत. तलाव तीनशे वर्षं टिकला याचा अर्थ तो एकदा बांधला असा नाही. तो दरवर्षी थोडाथोडा बांधला. आमच्या संस्थेच्या बैठकीत एकदा मी हे बोललो. वेबसाइटच्या देखभालीसाठी तरतूद हवी, असं मला म्हणायचं होतं. इतिवृत्तात ‘सरांनी नवेगावबांधाविषयी उद्बोधक माहिती दिली’ असं नोंदवलं गेलं.

तलावात निदान गाळ येताना दिसतो. सॉफ्टवेअरवर पाऊस पडत नाही, त्यात माती येत नाही, कोणी त्याला हात लावत नाही, आणि तरीही ते जुनं होतं. हे बाबूंना पटवणं मला आजवर जमलेलं नाही. ते जागच्या जागी असतं. हलते ती भोवतीची जमीन. वर्डप्रेसच्या खाली पीएचपी नावाची भाषा आहे. तिची ७.४ ही आवृत्ती अमुक लाख साइटांवर सुखाने नांदत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिची देखभाल अधिकृतपणे संपली. मग होस्टिंगवाल्यांचं पत्र येतं, की जुनी पीएचपी अमुक तारखेपासून बंद. नवी चालू केली की कोण्या काळी विकत घेतलेली थीम कुरकुरते. थीम विकणारा दुसऱ्या धंद्यात गेलेला असतो. फोटो सरकवणाऱ्या प्लगइनच्या पानावर सूचना असते, की मागच्या तीन मोठ्या आवृत्त्यांबरोबर हे तपासून पाहिलेलं नाही. म्हणजे लिहिणाराही मिशेल वाल्द्रिगींच्या वाटेने गेला. एवढ्या गोष्टी हलल्यावर एखादे दिवशी सकाळी मुखपृष्ठ पांढरं फटक. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून यात एक सोय झाली आहे: साइट अशी कोसळली की प्रशासकाला ईमेल येतो, दोष कोणत्या प्लगइनचा ते सांगतो आणि आत शिरायला एक वाट देतो. आमच्या साइटला प्रशासक म्हणून निवृत्त झालेल्या प्राचार्यांचा पत्ता होता. त्यांना निवृत्तीनंतर आलेला महाविद्यालयाचा तो एकमेव ईमेल. त्यांनी जपून ठेवला आहे.

अक्षरांचा तर वेगळाच तमाशा. होस्टिंग बदलताना नव्या माणसाने माहिती लॅटिन अक्षरांच्या खणात ओतली आणि सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं झाली. प्राचार्यांचं मनोगत हे पानभर प्रश्नचिन्हांचं झालं. विद्यार्थ्यांच्या मते त्या मनोगताने पहिल्यांदाच काही प्रश्न उपस्थित केले होते. या अक्षरसाठवणीवरून वर्डप्रेसमधला एक खरा किस्सा सांगण्यासारखा आहे. २०१५ च्या ४.२ आवृत्तीत साठवण्याची पद्धत बदलली आणि गाजावाजा झाला तो इमोजींचा: आता हसरे-रडके चेहरे टाका! गंभीर लोकांनी नाकं मुरडली, की एवढे हुशार लोक आणि यांना सुचतं काय, तर चेहरे. पुढे कळलं, की चेहरे हे निमित्त होतं. त्यांच्या आडून एक मोठं सुरक्षेचं भगदाड बुजवायचं होतं. भगदाड आहे असं आधी ओरडलं तर पहिला पत्ता चोरालाच मिळतो; म्हणून सगळ्या जगाला हसऱ्या चेहऱ्यात गुंतवून मागच्या बाजूने पाळ दुरुस्त केली. तेव्हापासून अपडेटच्या यादीत ‘किरकोळ सुधारणा’ असं वाचलं की मी सावरून बसतो.

उलटपक्षी, अपडेटच्या यादीत ज्याचं काही काम नाही असाही एक रहिवासी आहे. त्याचं नाव ‘हॅलो डॉली’. वर्डप्रेसबरोबर फुकट येणारं हे प्लगइन चालू केलं की लुई आर्मस्ट्राँगने गायलेल्या एका गाण्याची एखादी ओळ पडद्याच्या कोपऱ्यात दिसते. बस. दुसरं काही नाही. तेही अधूनमधून अपडेट मागतं. ते काढून टाका असं तज्ज्ञ सांगतात, काढवत नाही. या मंडळींना जॅझचा नाद आहे, मोठ्या आवृत्त्यांची नावंही जॅझ कलावंतांवरून. २००४ ची १.० माइल्स डेव्हिसची, २.७ कोल्ट्रेनची. हे काम आमच्या झाडीपट्टीत झालं असतं तर आवृत्त्यांना वडशाच्या रंगभूमीवरल्या नाटकांची नावं मिळाली असती आणि प्रत्येक तिसऱ्या आवृत्तीत ‘कुंकू’ किंवा ‘सून’ आली असती. बाकी, दिवाळीनंतर रात्र रात्र चालणारी ही नाटकं गावोगाव बदलत जातात. जिथे प्रेक्षक हलला नाही तिथला विनोद पुढच्या मुक्कामी गाळलेला असतो. अपडेटसाठी कुणाची परवानगी लागत नाही.

पण सगळे विनोद असे निवांत नसतात. १५ ऑक्टोबर २०१४ हा दिवस महाराष्ट्रात लोकांना विधानसभेच्या मतदानासाठी आठवतो. मला तो ड्रुपलसाठी आठवतो. ड्रुपल ही वर्डप्रेसचीच सहोदर प्रणाली, बेल्जियमच्या ड्रीस बायटार्टने २००१ मध्ये खुली केलेली. मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे ही मराठी घरं तिच्यावरच नांदली. वडशाच्या माझ्या एका शिक्षक मित्राने तिकडच्या एका संस्थेची साइट तिच्यात केली होती. त्या बुधवारी आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री साडेनऊच्या सुमारास ड्रुपलची ७.३२ ही आवृत्ती निघाली. दुरुस्ती एका ओळीची होती. पण ती ओळ वाचणाऱ्याला भोक कुठे आहे हेही समजत होतं. काही तासांत यंत्रांनीच जगभरच्या साइटांची दारं हलवून पाहायला सुरुवात केली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा चमूने जाहीर केलं, की पहिल्या सात तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपली साइट फुटली आहे असंच समजावं. सात तास म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचारपर्यंत.

आणि माझा मित्र त्या रात्री काय करत होता? मतदान यंत्र जमा करायच्या रांगेत उभा होता. जगाच्या पाठीवर अपडेट करणारे बरेच लोक असतील, पण त्यातले निवडणूक ड्युटीवर असलेले फक्त आपल्याकडचे. यंत्राला लाखेची सील, त्यावर सह्या, त्या सह्यांवर अधिकाऱ्याची सही, मग भाताचं पाकीट. १९ तारखेला निकाल लागला, २३ ला लक्ष्मीपूजन झालं, महिनाअखेर नवं सरकार आलं. या सगळ्यात त्याची साइट परदेशी औषधं विकू लागली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका पालकाने त्याला विचारलं, की संस्थेने फार्मसीचा कोर्स सुरू केला काय?

मित्राला मग एका कंत्राटदाराने सल्ला दिला: सगळं पाडा, नवं बांधा. हा सल्ला तलावांनाही मिळतो. जेसीबी लावला, तळ खरवडून स्वच्छ केला, की लोकांना वाटतं काम झालं. आमच्या भागात ढिवर मच्छीमारांना आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकांना वेगळंच दिसलं होतं. तलावात बेशरम माजली होती ती उपटायलाच हवी होती, पण नुसत्या खरवडलेल्या तळात मासा राहत नाही. त्याला पाणवनस्पती लागतात. मग बेशरम काढून तिथे स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासे सोडले. कुठलं ठेवायचं आणि कुठलं उपटायचं हे पाण्यात उभं राहणाऱ्याला कळतं. सगळं पाडून नवं बांधणं ड्रुपलवाल्यांनाही थोडं महागात पडलं. २०१५ च्या नोव्हेंबरात आलेली ड्रुपल ८ इतकी मुळापासून बदललेली होती, की सातवरून आठवर जाणं म्हणजे घर नव्याने बांधणं. लोक हललेच नाहीत. सातचा निरोपसमारंभ आधी नोव्हेंबर २०२१ ला ठरला होता. तो पुढे पुढे ढकलत अखेर ५ जानेवारी २०२५ ला उरकला. वर्डप्रेसने उलट मार्ग धरला: जुनं मोडायचं नाही. परिणामी त्याच्या पोटात वीस वर्षांपूर्वीच्या काही रचना अजून आहेत, आणि त्या पाहून अभियंते हळहळतात. मी ड्रुपलचा आदर करतो आणि वर्डप्रेस वापरतो. हे माझं मत तांत्रिक नाही, वयाचं आहे.

आता मालगुजाराचं, म्हणजे तलावांच्या जुन्या मालकाचं सांगायला हवं. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तलाव सगळ्यांचे झाले तेव्हा गाळ कोणाचाच उरला नाही, हे खरं. पण त्याआधी तुडुमाची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असायची हेही खरंच. मोफत सॉफ्टवेअरच्या जगात असा कोणी नसतो, असं मी विद्यार्थ्यांना मोठ्या तोंडाने सांगत आलो होतो. वर्डप्रेसचा कोड परवान्याने सगळ्यांचा आहे. मात्र त्याचे अपडेट ज्या संकेतस्थळावरून सुटतात ते मुलनवेगचं स्वतःचं. डब्ल्यूपी इंजिन नावाच्या मोठ्या होस्टिंग कंपनीशी त्याचं बिनसलं. ही कंपनी कमावते भरपूर आणि सार्वजनिक कामात हात लावत नाही, अशी त्याची तक्रार. तक्रारीत तथ्य किती याचा निवाडा कोर्टात होईल. पण २५ सप्टेंबर २०२४ ला त्याने त्या कंपनीच्या साइटांचं पाणीच तोडलं. भांडण मोठ्यांचं, आणि कोरड्या पडल्या त्या साइटांमध्ये कुठली तरी बेकरी, कुठली तरी शाळा. डिसेंबरात अमेरिकी न्यायालयाने पाणी सोडायला लावलं. बाबूंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे तिकडेही पाटीलच आहे म्हणा.’’

या भांडणाचं शेपूट अर्जुनी मोरगावपर्यंत आलं. बी.एस्सी.ला असलेली एक विद्यार्थिनी मला साइटच्या कामात मदत करायची. हळूहळू कोपर तिचा होऊ लागला होता. वर्डप्रेसच्या पडद्यावरचं एक मराठी वाक्य तिला खटकलं. ‘असं कोणी बोलते काय जी?’ मी तिला सांगितलं, की हे भाषांतर कुठल्या कंपनीने केलेलं नाही. नागपूर-पुण्यात बसलेली, कदाचित तुझ्याहून थोडीच मोठी असलेली मुलं रिकाम्या वेळी करतात. नागपुरात २०१७ मध्ये वर्डकॅम्प हा वर्डप्रेसवाल्यांचा मेळावा भरला होता, पुण्यातल्या कंपन्यांमधली मंडळी तर थेट गाभ्याच्या कोडवर काम करतात. तुला वाक्य सुचवता येईल. कुणी तरी तपासेल, पटलं तर घेईल, आणि मग पुढच्या अपडेटमधून ते चंद्रपूरपासून न्यू जर्सीपर्यंत सगळ्या मराठी साइटांवर जाईल. तिचा विश्वास बसला नाही. ‘पैसे किती लागतात?’ तिने विचारलं. नाही लागत म्हटल्यावर तिचा अविश्वास वाढला.

शेवटी खातं उघडलं. पण आत जायच्या दारात एक चौकट होती आणि तिच्यात खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. भांडणाच्या काळात मुलनवेगने तिथे ‘माझा डब्ल्यूपी इंजिनशी काही संबंध नाही’ असं कबूल करून घेणारी चौकट बसवली होती. न्यायालयाने ती काढायला सांगितली, तर त्याने ती ठेवली आणि मजकूर बदलला. आता तिथे कबूल करायचं होतं, की पिझ्झ्यावर अननस फार चविष्ट लागतं. हे मी रचलेलं नाही. जगातल्या चाळीस टक्के वेबसाइटांची दुरुस्ती करायला जाणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसांत अननसाच्या बाजूने साक्ष द्यावी लागत होती.

मुलगी हात आखडून बसली. ‘‘सर जी, मी त अननसवाला पिझ्झा खाल्लाच नाही. खोटं कसं लिवू?’’

मी म्हटलं, लिही. गोंदियाला गेलीस की खाऊन बघ.

‘‘आन् नाई आवडला त?’’

बाबूंनी टेबलावरून मान वर केली. अननस पिझ्झ्यावर घालतात कशाला, हा त्यांचा मूलभूत प्रश्न होता आणि त्यावर ते बोलायला लागले ते थांबेचनात: रोवणीच्या दिवसांत मजुरांना जेवणात काय द्यावं, पूर्वी काय देत, आता काय मागतात. ते ऐकून घेऊन मी तिच्या प्रश्नाकडे वळेपर्यंत तिने खूण करून टाकली होती आणि वाक्य दुरुस्तही करून पाठवलं होतं. आता ती दुसरं शोधत होती.